जुना होम थिएटर नव्या हॉलमध्ये: काय ठेवायचं, काय बदलायचं, कसं जोडायचं

विदर्भातल्या गावांत गेल्या काही वर्षांत कवेलूची, मातीच्या भिंतींची घरं जाऊन स्लॅबची घरं आली. हॉल आला, भिंतीवर मोठा स्मार्ट टीव्ही आला, आणि जुना होम थिएटर पोत्यात बांधून सज्ज्यावर गेला. कारण एकच सांगितलं जातं: "नव्या टीव्हीला तो जुळत नाही." बहुतेक वेळा हे खरं नसतं. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर नीट ठेवले तर वीस-पंचवीस वर्षं सहज चालतात. जुना होतो तो टीव्हीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतचा रस्ता, आणि तो काहीशे रुपयांच्या वायरीनं किंवा डबीनं दुरुस्त होतो. दुसरी बदललेली गोष्ट म्हणजे खोली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर आणि मातीच्या भिंतींत गोड वाजणारा सेट टाइल्स, पुट्टी आणि स्लॅबच्या हॉलमध्ये घुमतो, आणि दोष सेटला लागतो.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी अर्थिंग आणि वायरिंग, मग टीव्हीची जोडणी, मग खोली, आणि एवढं करूनही भागलं नाही तर नवीन सामान.

हातात काय आहे ते ओळखा

गावात सापडणारे सेट साधारण चार जातींचे. पहिला डीव्हीडी होम थिएटर: एका चपट्या डब्यात डीव्हीडी प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर, सोबत पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर, रंगीत प्लगच्या वायरी. दुसरा खरा एव्ही रिसीव्हर: मोठा, जड डबा, मागे स्पीकरसाठी स्क्रूचे टर्मिनल आणि बरेच इनपुट. तिसरा, सगळ्यात जास्त घरांत असलेला, कॉम्प्युटरसोबत घेतलेला २.१, ४.१ किंवा ५.१ सेट (पहिला आकडा साध्या स्पीकरचा, '.१' म्हणजे सबवूफर), त्याचा अ‍ॅम्प्लिफायर सबवूफरच्या डब्यातच असतो. चौथा तालुक्याच्या दुकानातून असेम्बल करून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी खोके.

मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. त्यात तीन गोष्टी शोधा: डिजिटल इनपुट आहे का (ऑप्टिकल, कोअ‍ॅक्सियल किंवा एआरसी लिहिलेलं एचडीएमआय), ऑक्सची, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणारी लाल-पांढरी पिन आहे का, आणि स्पीकरखाली किती ओहम (रोधाचं माप) लिहिलेत. पुढचं सगळं या तीन उत्तरांवर ठरतं.

डीव्हीडी होम थिएटरबद्दल एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. त्याचा सबवूफर बहुधा 'मुका' असतो, म्हणजे त्याला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसतो. तो डब्यापासून तोडून रिसीव्हरच्या सबवूफर-आउट पिनला लावला तर काहीच वाजणार नाही, कारण त्या पिनेतून फक्त बारीक सिग्नल येतो. सबवूफरला वेगळी पॉवर कॉर्ड असेल तरच तो स्वतंत्रपणे वापरता येतो.

वर्षानुवर्षं बंद असलेला सेट पहिल्यांदा चालू करताना

सज्ज्यावरून उतरवला आणि प्लग घातला, असं करू नका. झाकण उघडा. आत उंदराची लेंडी, पालीची अंडी, मुंग्यांची माती, कुंभारीण माशीचं घर, यातलं काहीतरी निघतंच. कापूस पिकवणाऱ्या घरांत आणखी एक गोष्ट असते. दिवाळीपासून विक्री होईपर्यंत कापसाची गंजी घरातच असते आणि त्याचे तंतू व्हेंटमधून आत जाऊन हीटसिंकवर (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) गादीसारखे बसतात. मग सेट पंधरा-वीस मिनिटं वाजून बंद पडतो आणि माणूस आयसी गेली समजतो.

सफाई मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं करा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरायचा तर एक फुटावरून, आणि आतला पंखा बोटानं धरून ठेवा. हवेच्या जोरानं तो वेडावाकडा फिरला की त्याचं बेअरिंग जातं. उंदराच्या मुतानं पीसीबीवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं तो काढा. नाहीतर तांब्याच्या रेषा तुटत जातात.

आता कपॅसिटर पाहा. फिल्टरचे मोठे कपॅसिटर (१००० ते ४७०० मायक्रोफॅरडचे) वरून फुगले असतील किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर बदला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि १०५ अंशांचे मागा. ८५ अंशांचे स्वस्त मिळतात, पण मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ अंश असताना बंद डब्यात काय होत असेल याचा विचार करा. एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) असलेल्या सेटमध्ये मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतं. ज्याला हे काम येत नाही त्यानं त्या भागात बोट घालू नये. तेवढं काम रिपेअरिंगवाल्याकडून करून घ्यावं.

पहिला पॉवर नेहमी सिरीज बल्बमधून द्या. प्रत्येक रिपेअरिंगच्या टेबलावर असा बोर्ड असतो: फेजच्या वायरीत ६० किंवा १०० वॅटचा जुना काचेचा तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथे चालत नाही. स्पीकर या वेळी जोडू नका. ट्रान्सफॉर्मरच्या सेटवर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो पूर्ण तेजानं पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. ताबडतोब बंद करा. एसएमपीएसच्या सेटवर बल्ब लुकलुकू शकतो, तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

सगळं ठीक वाटलं की मल्टिमीटर डीसी रेंजवर ठेवून प्रत्येक स्पीकर टर्मिनलच्या प्लस आणि मायनसमध्ये मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, १०० पर्यंत चालेल. तिथे दोन-चार व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा आयसी गेलेली आहे, आणि स्पीकर जोडला असता तर त्याची कॉइल जळाली असती. मोजमाप प्लस-मायनसमध्येच घ्यायचं, बॉडीला धरून नाही. डिजिटल अ‍ॅम्प्लिफायरच्या होम थिएटरमध्ये मायनस पिनही बॉडीच्या तुलनेत व्होल्टेजवर असते. याच कारणानं अशा सेटमध्ये दोन स्पीकरचे मायनस एकत्र करून वायर वाचवण्याची युक्ती कधीच करायची नाही. अ‍ॅम्प्लिफायर त्याच क्षणी जाऊ शकतो.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर बंद सेटवर पॉटमध्ये (बटणामागच्या फिरत्या भागात) काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. तेल किंवा रॉकेल घालू नका, धूळ चिकटून महिनाभरात खरखर दुप्पट होते.

स्पीकर तपासणं

मल्टिमीटर ओहमवर ठेवा. ८ ओहमच्या स्पीकरवर ६ ते ७ दिसेल, ४ ओहमच्यावर ३.२ ते ३.६. मीटरचा आकडा लिहिलेल्यापेक्षा कमी असणं हा दोष नाही. काहीच न दाखवणारा स्पीकर तुटलेला असतो. बरेचदा कॉइल शाबूत असते आणि कोनपर्यंत (स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्यापर्यंत) येणारी विणलेली तार तेवढी तुटलेली असते, ती पुन्हा सोल्डर होते.

मग १.५ व्होल्टचा घड्याळातला सेल क्षणभर लावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. आत गेला तर प्लस-मायनस उलटं आहे, खूण करून ठेवा. ट्वीटरवर (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरवर) ही चाचणी करू नका.

दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी आहे किंवा आत माती गेली आहे. कोनच्या कडेची रिंग फोमची असेल तर तिला हलकेच बोट लावा. आपल्या उन्हाळ्यात फोम काही वर्षांत भुसभुशीत होतो आणि बोटाला काळा चुरा लागतो. रबराची रिंग मात्र टिकते. फोम गेला म्हणून स्पीकर टाकू नका. बाहेरचा आणि आतला व्यास मापून नवी रिंग मागवता येते आणि रबरी चिकटद्रव्यानं बसवता येते. नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी कोन बदलून देणारे कारागीर अजून आहेत. चांगल्या लोहचुंबकाचा आठ इंची जुना वूफर रिकोन करून घेणं आजच्या स्वस्त नव्या वूफरपेक्षा केव्हाही बरं.

लाकडी खोक्याला उधई लागली असेल तर वरून औषध मारून भागत नाही. स्पीकर आणि क्रॉसओव्हर (स्पीकरांत सूर वाटून देणारं सर्किट) काढून घ्या, नवा खोका तेवढ्याच आतल्या लांबी-रुंदी-उंचीचा करून घ्या, आणि पोर्टचा, म्हणजे खोक्याच्या हवेच्या भोकाचा पाइप जुनाच वापरा. पोर्टचं तोंड बारीक जाळीनं झाका, कुंभारीण माशीला तेच भोक सगळ्यात आवडतं.

टीव्हीशी जोडणी

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. डीव्हीडी होम थिएटरची एचडीएमआय वायर टीव्हीला लावली म्हणजे टीव्हीचा आवाज त्यातून येईल, असं लोक धरून चालतात. ती वायर बहुतेक जुन्या सेटमध्ये एकाच दिशेनं काम करते: डीव्हीडीचं चित्र आणि आवाज टीव्हीकडे. टीव्हीचा आवाज परत आणण्याची सोय, म्हणजे एआरसी, एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत २००९ साली आली, आणि त्यानंतरच्याही प्रत्येक सेटमध्ये ती नसते. पिनेजवळ 'एआरसी' लिहिलेलं असेल तरच आहे समजा.

तसं असेल तर टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पिनेतून वायर रिसीव्हरच्या एचडीएमआय 'आउट'ला लावा, 'इन'ला नाही. मग दोन्हीकडच्या मेनूत सीईसी (एका रिमोटनं दोन्ही चालवण्याची सोय) आणि एआरसी चालू करा. टीव्हीच्या रिमोटनंच आवाज कमी-जास्त होईल.

एआरसी नसेल पण ऑप्टिकल असेल तर तेही चांगलं. टोकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढायला विसरू नका, यामुळेच अर्ध्या तक्रारी येतात. टीव्ही चालू असताना वायरीच्या दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला पाहिजे. आता टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जा. रिसीव्हरला डॉल्बी डिजिटल (अनेक चॅनलचा आवाज एकत्र पाठवण्याची पद्धत) कळत असेल तर 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'बिटस्ट्रीम' निवडा. 'ऑटो'वर कधी कधी टीव्ही जुन्या रिसीव्हरला न कळणाऱ्या पद्धतीचा आवाज पाठवतो आणि रिसीव्हर गप्प बसतो किंवा फटफट आवाज काढतो. काहीच जमेना तर 'पीसीएम' ठेवा. मग दोनच चॅनल येतील, पण आवाज नक्की येईल.

फक्त लाल-पांढरी ऑक्स पिन असलेल्या सेटसाठी दोन रस्ते आहेत. टीव्हीला हेडफोनची ३.५ मिमीची पिन असेल तर त्यातून लाल-पांढऱ्यात जाणारी वायर पुरते. टीव्हीचा आवाज सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवा, बाकी अ‍ॅम्प्लिफायरवर सांभाळा. टीव्हीवर कमी आणि अ‍ॅम्प्लिफायरवर जास्त केलं की सूंऽ ऐकू येतं. हेडफोनची पिन नसेल तर ऑप्टिकलवरून लाल-पांढऱ्यात बदलणारी छोटी डबी घ्या, दुकानात 'ऑप्टिकल टू आरसीए कन्व्हर्टर' म्हणून मिळते. तिला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो टीव्हीच्या यूएसबीतून मिळतो. ही साधी डबी फक्त पीसीएम समजते. टीव्ही डॉल्बीवर राहिला तर ती मुकी राहते किंवा कर्कश खरखर करते. डबी खराब निघाली म्हणून परत करण्याआधी हे एक सेटिंग पाहा.

तीन जोड्यांचे सहा इनपुट असलेल्या ५.१ सेटला खरे पाच आवाज हवे असतील तर ऑप्टिकल घेऊन सहा पिना देणारा डॉल्बी डीकोडर लागतो. तो घ्यायचा का, हे तुम्ही काय पाहता यावर ठरवा. डीडी फ्री डिशच्या डब्यातून लाल-पांढऱ्या पिनेवर दोनच चॅनल येतात, यूट्यूबचंही बरंचसं तसंच. केवळ त्यासाठी डीकोडर घेण्यात अर्थ नाही. फ्री डिशच्या डब्याची लाल-पांढरी वायर तर थेट अ‍ॅम्प्लिफायरलाही लावता येते.

ब्लूटूथची डबी गाण्यांना ठीक. सिनेमात ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, कारण साध्या ब्लूटूथमध्ये आवाजाला सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा उशीर सहज लागतो.

पेनड्राइव्हवर सिनेमा लावला, चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर सेटला दोष देऊ नका. त्या फाइलमधला आवाज बरेचदा डीटीएस नावाच्या पद्धतीचा असतो आणि अनेक नव्या टीव्हींना तो वाचता येत नाही. जुन्या डीव्हीडी सेटच्या यूएसबीत पेनड्राइव्ह लावायचा तर तो एफएटी३२ मध्ये फॉर्मॅट केलेला असावा.

कोणता स्पीकर कोणत्या अ‍ॅम्प्लिफायरवर

रिसीव्हरवर '६ ते १६ ओहम' लिहिलं असेल आणि होम थिएटरचे स्पीकर ३ ओहमचे असतील तर ते जोडू नका. हळू आवाजात चालेल, लग्नाच्या हळदीला आवाज वाढवला की 'प्रोटेक्ट' लिहून बंद होईल किंवा जळेल. उलट, ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर लावायला हरकत नाही, आवाज थोडा कमी येतो एवढंच. एकाच टर्मिनलवर दोन स्पीकर समांतर लावले की ओहम निम्मे होतात, ६ चे ३. उरलेले स्पीकर वाया जाऊ नयेत म्हणून समोरच्या स्पीकरलाच जोडण्याचा मोह होतो, तो टाळा.

डीव्हीडी सेटचे रंगीत प्लग इतर अ‍ॅम्प्लिफायरला बसत नाहीत. प्लगला वायरीचा दहा-पंधरा सेंटिमीटर तुकडा ठेवून तो कापा, म्हणजे पुन्हा कधी जुन्या डब्याला लावायचं झालं तर सोल्डर करता येईल. रंगांची खूण बहुतेक सेटवर सारखी असते: पांढरा समोरचा डावा, लाल समोरचा उजवा, हिरवा मधला, निळा मागचा डावा, करडा मागचा उजवा, जांभळा सबवूफर.

वायर, आणि ती भिंतीत जाण्याची वेळ

घर अजून प्लास्टरच्या आधी असेल तर तुमच्या हाती सगळ्यात मोठी संधी आहे. टीव्हीच्या भिंतीपासून बसण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंपर्यंत २५ मिमीचा पीव्हीसी पाइप टाकून घ्या आणि त्यात ओढतार सोडून ठेवा. काटकोनी एल्बो नको, लांब बेंड हवेत; एल्बोतून एचडीएमआयचं टोक जात नाही. हा पाइप लाईटच्या पाइपपासून फूटभर लांब न्या. ओलांडावा लागला तर काटकोनात ओलांडा. एकाच पाइपात लाईटची आणि स्पीकरची वायर टाकणारा मिस्त्री भेटला तर त्याला थांबवा. गुणगुण तर येतेच, शिवाय ते धोक्याचंही आहे.

जाडीचा हिशेब सोपा. वायरीचा रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांत ठेवायचा. ६ ओहमच्या स्पीकरला शुद्ध तांब्याची १ चौ. मिमी वायर आठ मीटरपर्यंत, १.५ चौ. मिमी वायर बारा-तेरा मीटरपर्यंत पुरते. स्पीकर ४ ओहमचा असेल तर हेच अंतर एक तृतीयांशानं कमी धरा. दुकानात पारदर्शक लाल-काळी 'स्पीकर वायर' म्हणून मिळते ती बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. ब्लेडनं एक तार खरवडा, आतून पांढरी निघाली की समजलं. ती घ्यायचीच असेल तर एक माप जाड घ्या. उघड्यावरची वायर पट्टीत किंवा पाइपातच असू द्या. पावसाळ्यात शेतातले उंदीर घरात शिरतात आणि मऊ पीव्हीसी आवडीनं कुरतडतात.

लाईन, अर्थिंग आणि इन्व्हर्टर

गावात होम थिएटर जुनाटपणानं मरत नाहीत, व्होल्टेजनं मरतात. रात्री १७० आणि पहाटे २६० हे तर आहेच. डीपीवरचं (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचं) न्यूट्रल सुटलं तर काही घरांत ३०० व्होल्टच्या वरही जातं. टीव्ही आणि सेट मिळून १ केव्हीएचा, हाय-कट (व्होल्टेज फार वाढलं की पुरवठा तोडणारी सोय) असलेला स्टॅबिलायझर घ्या, आणि जमलं तर इलेक्ट्रिशियनकडून मुख्य बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवून घ्या. मृगाच्या आधीच्या वादळांत विजा चमकू लागल्या की मात्र एकच उपाय: प्लग काढा, आणि डिशची वायरही डब्यातून काढा. स्टॅबिलायझर विजेपासून वाचवत नाही.

थ्री-पिन बोर्डाचं वरचं जाड भोक अनेक घरांत नुसतं भोक असतं. मागे वायरच नसते. सेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा हात लावल्यावर गुणगुण कमी-जास्त होत असेल, तर अर्थिंग नाही किंवा मेलेलं आहे. नवं घर बांधतानाच अर्थिंगचा खड्डा परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि तो मीटरनं मोजून द्यायला सांगा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहा.

गुणगुण शोधायची पद्धत अशी. आधी सगळे इनपुट काढा. तरीही गुणगुण असेल तर दोष आत, बहुतेक फिल्टर कपॅसिटर. इनपुट लावल्यावरच येत असेल तर डिशची वायर डब्यातून काढून पाहा. थांबली तर हा ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी जमिनीशी जोडणी होऊन झालेला फेरा. टीव्ही, डबा आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवा, किंवा ऑप्टिकलनं जोडा. ऑप्टिकलमधून उजेड जातो, वीज नाही, त्यामुळे लूप आपोआप तुटतो. गुणगुण जाते म्हणून अर्थिंगची पिन कापणारे लोक आहेत. गुणगुण जाते हे खरं, पण पुढे पत्र्यावर करंट आला तर तो अंगातूनच जाणार.

लाईन गेल्यावर सेट इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतो आणि तापतो.

मांडणी

समोरचे दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा तिन्ही बाजूंनी सारखा त्रिकोण व्हावा. बसायचं नऊ फुटांवर असेल तर दोन स्पीकरमध्ये आठ-नऊ फूट. टीव्हीच्या दोन कडांना चिकटवलेले स्पीकर मोनोसारखे वाजतात. ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा. ही उंची पुस्तकातून घेऊ नका: सोफ्यावर बसलात तर साधारण सव्वातीन फूट, खाली गादीवर बसलात तर अडीच फूट. घरात दोन्ही चालत असेल तर मधली उंची धरा आणि स्पीकर थोडा खाली झुकवा. मागे पोर्ट असलेला स्पीकर भिंतीपासून सहा-आठ इंच पुढे हवा. शोकेसच्या कप्प्यात कोंबला तर ढब्ब आवाज येईल.

हॉलमधल्या बंगईचाही (झोपाळ्याचाही) विचार करा. ती समोरच्या स्पीकरच्या वाटेत झुलत असेल तर आवाज हेलकावे खातो, आणि सबवूफर वाजला की कड्या किणकिणतात.

मागचे स्पीकर: आपल्याकडे दिवाण किंवा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे मागे जागाच नाही. तेव्हा ते दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, कानापासून दोन फूट वर, किंचित मागे लावा. तेही जमत नसेल तर सरळ सोडून द्या आणि रिसीव्हरच्या मेनूत 'सराउंड: नाही' करा, म्हणजे त्यांचा आवाज समोरच्यांत मिसळून येतो. नीट मांडलेले दोन स्पीकर आणि एक सबवूफर चुकीच्या जागी टांगलेल्या पाचांपेक्षा चांगले वाजतात. पाचाचा हट्ट हा खोक्यावरच्या आकड्याचा हट्ट आहे.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की स्लॅबच्या खोलीत सगळं घुमतं. तो उचलून तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, ढोलकीचं किंवा बेसचं गाणं लावा, आणि खोलीच्या कडेकडेनं खाली वाकून ऐकत फिरा. जिथे प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. बारा बाय बाराचा चौरस हॉल असेल तर सुमारे ४७ हर्ट्झला लांबी आणि रुंदी दोन्ही एकदम घुमतात. अशा हॉलमध्ये अगदी मध्यभागी बसलात तर तो बेस गायब होतो आणि भिंतीला टेकून बसलात तर अंगावर येतो. शक्य असेल तर मागच्या भिंतीपासून खोलीच्या एक तृतीयांश अंतरावर बसा.

खोली शांत करणं

हॉलमध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. मागे झणझणीत शेपूट ऐकू आलं तर सेट बदलून काही होणार नाही. १२ बाय १५ फुटांच्या, १० फूट उंच, रिकाम्या टाइल्सच्या खोलीत आवाज विरायला हिशेबानं तीन सेकंदांच्या आसपास लागतात. संवाद स्पष्ट कळायला ते अर्ध्या सेकंदाच्या जवळ यायला हवं.

फोमच्या पातळ, खाचांच्या चादरी मागवू नका. त्या वरचा चरचरीतपणा तेवढा कमी करतात, घुमणं तसंच राहतं. आपल्याकडे त्यापेक्षा चांगला माल घरात पडून आहे: जुन्या गाद्यांचा कापूस. ४ बाय २ फुटांची, ४ इंच खोल लाकडी चौकट करा. पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला सुमारे ३ किलो कापूस त्यात सैल, सारखा पसरा. ठासून भरू नका. समोर धुतलेलं बारदान किंवा सुती कापड ताणून ठोका, आणि मागे बारीक तारेची जाळी, नाहीतर वर्षात उंदरांचं बाळंतपण तिथेच होईल. कापूस खाली बसू नये म्हणून मधे दोन-तीन ठिकाणी दोरा आरपार टाचा. भिंतीपासून दोन इंच अंतर ठेवून टांगा, त्या पोकळीनं खालच्या सुरांवरही काम होतं.

जागा आरशानं ठरते. तुम्ही बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा, आणि जिथे आरशात समोरचा स्पीकर दिसेल तिथे चौकट. दोन्ही बाजूंना एकेक, आणि तुमच्या डोक्यामागच्या भिंतीवर दोन, एवढ्यानं फरक स्पष्ट कळतो. कापूस पेट घेतो. देवघराचा दिवा, उदबत्ती आणि बोर्ड यांच्यापासून या चौकटी लांब ठेवा आणि त्यांच्या मागून लाईटची वायर नेऊ नका.

टीव्हीसमोर जाड सतरंजी आणि खिडक्यांना चुण्यांचे पडदे, खिडकीच्या दीडपट-दुप्पट रुंदीचे. शोकेसच्या काचा आणि लोखंडी कपाटाची दारं सबवूफरसोबत खणखणतात; कडांना फेल्टच्या किंवा रबराच्या पट्ट्या चिकटवा.

शेवटचं सेटिंग, आणि कूलर

रिसीव्हर असेल तर स्पीकर 'स्मॉल' निवडा. तीन इंची छोट्या स्पीकरना क्रॉसओव्हर (ज्याखालचे सूर सबवूफरकडे जातात तो आकडा) १५० हर्ट्झ, चार-पाच इंचींना १०० ते १२०, साडेसहा इंचींना ८०. टेपनं अंतरं मोजून भरा. टेस्ट टोन लावून बसण्याच्या जागी मोबाइलच्या साउंड मीटरनं प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणा. मोबाइलचा आकडा नेमका नसतो, पण सगळे एकाच मोबाइलनं मोजले की आपापसात बरोबर येतात. संवाद दबत असतील तर मधला स्पीकर २-३ डेसिबल वाढवा. साध्या २.१ सेटवर सबवूफरचं बटण शून्यावरून हळूहळू वाढवत, सबवूफर कुठे ठेवलाय हे डोळे मिटून सांगता येऊ लागेल तिथून थोडं मागे आणा.

हे सगळं कूलर बंद ठेवून करा, पण मार्च ते जूनसाठी दुसरं माप कागदावर लिहून ठेवा. कूलरचा पंखा संवादांवर बसतो; त्या दिवसांत मधला स्पीकर आणखी दोन डेसिबल वर आणि सबवूफर तेवढाच खाली. कूलरचा झोत सेटवर किंवा कागदी कोनच्या स्पीकरवर थेट येऊ देऊ नका. वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून येणारी ती हवा दमट असते, कोन मऊ पडतो आणि टर्मिनलवर हिरवा गंज चढतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या वर पाच-सहा इंच मोकळी जागा ठेवा, त्यावर रुमाल, फुलदाणी किंवा सेट-टॉप बॉक्स नको. कापूस घरात असेपर्यंत महिन्यातून एकदा व्हेंट ब्रशनं झाडा. पावसाळ्यात सेट फारसा वापरात नसला तरी आठवड्यातून अर्धा तास वाजवा. आतल्या उबेनं ओल निघून जाते, आणि मुंग्यांनी बिऱ्हाड केलं असेल तर तेही वेळेत कळतं.